मावशी नावाचा सर्व्हर

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलच्या ऑफिसात स्वप्ना दोन सर्व्हर सांभाळायची. टर्मिनलवर एका शब्दात जोडता यावेत म्हणून तिनं त्यांना नावं दिली होती: रोजच्या कामाचा 'माय', सरावासाठीची त्याची नक्कल 'मावशी'. आज शेजारच्या टेबलावरच्या लोकेशनं सराव करताना 'मावशी'ऐवजी 'माय' टाइप केलं आणि खऱ्याच ऑर्डरी पुसल्या. "शेठ काढणार मला," तो पुटपुटला. स्वप्नानं कीबोर्ड ओढून मावशी जोडली. नक्कल सकाळचीच होती, सगळं जागेवर होतं. ऑर्डरी मायकडे परत पोचल्या तेव्हा कुठे त्याला हसू फुटलं. "माय मरो, मावशी उरो. म्हणीवरूनच ठेवलीस ना नावं?" "नाही, घरावरून. माय गेली तेव्हा मी पाळण्यात होते. मावशीनं इथे सुरतेत, लिंबायतला आणून वाढवलं." त्याची मान खाली गेली. तिनं डबा त्याच्याकडे सरकवला. "खा. मावशी रोज एक भाकरी जास्तीची बांधते."