शाबूत दाढा
हुडकेश्वरच्या बांधकामावर घमेली वाहणारी अंजनाबाई सीताबर्डीच्या दवाखान्यात खुर्चीवर बसली आणि तिनं दातांत धरलेला पदर सोडला. "डॉक्टरसाहेब, तुम्ही दोन दाढा काढल्या, तरी ठणका थांबून नाही राहिला जी. आता ही तिसरी बी काढून टाका." डॉक्टरांनी चिमटा उचलला, पण नजर पदरावर गेली. काठ चावून चावून विरला होता. "पदर नेहमी तोंडातच असतो?" "हात घमेल्याले लागतात. मंग डोक्यावरचा पदर कोण सांभाळीन?" सतत दात आवळून गालाच्या स्नायूत गाठ आली तर कळ दाढेत उठते, हे त्यांनी परवाच एका मासिकात वाचलं होतं. त्यांनी तिच्या जबड्यावरची टणक गाठ शोधून दाबली. अंजनाबाई कळवळली, "हाच ठणका जी! पण काढलेल्या दाढेच्या जागी काहून उठला?" गालावर गार फवारा मारत डॉक्टरांनी तिचा जबडा हळूहळू ताणला. ठणका ओसरला. अंजनाबाईनं हसत कनवटीची पुडी सोडून दोन दाढा दाखवल्या. "जपून ठेवल्या जी. गावी गेली का कौलावर टाकीन." दाढा पांढऱ्याशुभ्र होत्या, कीड नावालाही नव्हती. काढल्या त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. "तुमच्या हाताले गुण आहे," ती म्हणाली. "सुनेची बी दाढ ठणकते. संगंच आणली तिले." डॉक्टरांना तिच्याकडे पाहवेना, म्हणून त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर सून बसली होती, पदर दातांत धरून.