घरात इंटरनेट कोण वापरतं?

“घरात इंटरनेट कोण कोण वापरतं?” टॅबवर बोट ठेवून पूर्वाने विचारलं. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं.

“फक्त हेच,” रेवा म्हणाली. “मला त्यातलं काही कळत नाही.”

प्रशांतने पढवलेलं उत्तर होतं ते. देशभर इंटरनेटची पाहणी चालू आहे, आपल्याकडेही कुणी येईल, असं त्याने सकाळीच बजावलं होतं. लग्न होऊन ओमानमधल्या सीबच्या या फ्लॅटमध्ये आल्या दिवशीच त्याने तिचा फोन काढून घेतला. ऑफिसला जाताना वायफायचा डबाही तो बॅगेत टाकून नेई. मुलखाचा संशयी माणूस.

“प्रत्येकाने आपलं आपण सांगायचं असतं,” पूर्वा म्हणाली. “कॉन्फिडेन्शियल असतं सगळं, नावही येत नाही. मी पुण्याची. तुम्ही?”

“चिपळूणची.”

रेवाला भरून आलं. चार वर्षांत तिच्याबद्दल तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. निदान या मोजणीत तरी आपण खरं सांगावं, असं तिला वाटलं.

“वापरते मी,” ती हळूच म्हणाली. “शेजारच्या उजमाने जुना फोन दिलाय. वायफायही तिचंच.”

“कुठला फोन? मॉडेल लिहावं लागतं.”

रेवा स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने फोन काढला, पदराला पुसला आणि पूर्वापुढे धरला.

पूर्वाने मॉडेल टिपून घेतलं. “तीन महिन्यांत ऑनलाइन काही मागवलंत? खरेदी, तिकीट?”

“गुरुवारचं विमानाचं तिकीट. ताईने पाठवलंय, यातच आहे. पासपोर्टही शोधून डब्यातच ठेवलाय.” रेवाने दाराकडे पाहिलं. “यांना कळलं तर खलास.”

“घरात अजून कुणाला ठाऊक आहे?”

“कुणालाच नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.”

पूर्वा उठली तशी रेवाने देवघरातला करंडा आणला. “सवाष्ण आलात, अशाच कशा जाल?”

पूर्वा क्षणभर थबकली. मग तिने कपाळ पुढे केलं.

“उजमाकडे जाऊन या, ती घरीच आहे,” दार लावताना रेवा म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

पूर्वा उजमाच्या दारावरून सरळ लिफ्टपाशी गेली. तिने कपाळावरचं कुंकू पुसलं आणि फोन लावला.

“प्रशांत सर, तुमचा संशय खरा होता. घरी गेलात की तांदळाच्या डब्यात हात घाला.”