तारेची घासणी

काटोलहून आलेल्या आईनं कौतुकानं माझी नवी काळी गाडी पहाटेच धुऊन काढली, तारेच्या घासणीनं. बॉनेटपासून दारांपर्यंत गोल गोल ओरखडे उमटले. “भांडे तं याच्यानंच चमकते,” ती म्हणाली. शेजाऱ्यांदेखत मी ओरडलो, “अक्कल नाही का तुले? पुन्हा गाडीले हात नको लावू!” तिनं घासणी पदराआड लपवली. मग व्हिडिओ पाहून कामाला लागलो. आधी पाण्याबरोबर पॉलिश पेपर, मग कंपाउंडची पेस्ट, शेवटी मऊ फडक्यानं वॅक्स. दोन रविवार खपलो, पण एकही ओरखडा उरला नाही. खुशीत आईला हाक मारली, “चाल आई, तुले फुटाळा तलावावर फिरवून आणतो.” ती नवं पातळ नेसून आली, गाडीच्या बंद दारापाशी नुसतीच उभी राहिली. “बस नं वं!” मी आतून म्हणालो. हात पदरात गुंडाळत ती म्हणाली, “दार तूच उघड, बापा.”