आक्काला कुठल्या गर्दीत धाडायचं

शिवराज ट्रॅफिकमध्ये अडकला होता, पण त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

पुंजारामनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. भाच्याचं तोंड, तोंडामागं पिवळी भिंत आणि वर गरगरणारं पातं. छताला पंखा असलेली मोटार पुण्यात निघाली असली तर देव जाणे. भाचा मात्र गळ्याला हात लावून सांगत होता की, हिंजवडीच्या रस्त्यावर तासभर झाला, गाडी तसूभर हललेली नाही.

“मामा, आईला इथं दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर ती वाटेतच बरी होऊन जाईल. त्यापेक्षा राजूकडं बंगळुरूला धाडा. तिथं मेट्रो आहे, सगळं आहे.”

पुंजारामनं नुसतं ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

द्वारकाबाई ही त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून शहरात, सिडको वसाहतीतल्या दोन मजली घरात एकटी. दिवाळीत न्हाणीघरात पाय घसरला, तेव्हापासून हातात काठी. आक्कानं आता एकटं राहायचं नाही, हे पुंजारामनं तिथंच ठरवून टाकलं. दोन लेक, दोन शहरं, एक निवड. अशा कामात मामाचा शब्द वजनाचा असतो, आणि हा मामा शब्द टाकून मोकळा होणाऱ्यातला नव्हता. दर आठवड्याला आपल्या गावाहून, पाचोडहून, जीप पकडून यायचा. हात हलवत कधीच आला नाही. एकदा कूलर आणला, एकदा पलंग, एकदा आरशाचं कपाट. “वरच्या खोलीत राहू दे आक्का, आल्यागेल्याला कामाला येईल.” गेल्या खेपेला तर बायकोनं, मुक्ताबाईनं, गुलमंडीच्या बाजारातून घेतलेली नवी कोरी ताटं होती. पोतं तिनं शिवून दिलं, यानं तसंच आणून टेकवलं. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, भाऊ असावा तर असा.

आणि गंमत बघा. त्या खेपेपर्यंत दोघं भाऊ आपापल्या शहरावरून भांडत होते. शिवराज म्हणायचा, पुण्यात आता पुलावर पूल झालेत, गाडी कशी लोण्यातून सुरी. राजकुमार म्हणायचा, पुण्याच्या दुचाक्या म्हणजे फुटलेलं वारूळ. बंगळुरूत निदान माणूस रांगेत तरी उभा राहतो. आई आपल्याकडंच यावी म्हणून दोघं हटून बसलेले. मग आठवडाभरात दोघांच्या जिभा का पालटल्या?

त्यानं राजकुमारला फोन लावला.

तोही ट्रॅफिकमध्येच होता. सिल्क बोर्डाच्या चौकात, म्हणाला. आईला इथं आणलं तर बिचारी खिडकीतून नुसत्या गाड्यांची शेपटं मोजत बसेल. पुण्याचं बरं, घरच्यासारखं, मराठी माणसं. मागं हॉर्न वाजत होते खरे. पण हॉर्नमधूनच कुकरची शिट्टी झाली, आणि कुणीतरी म्हणालं, “अहो, गॅस बारीक करा.”

पुंजाराम आक्काच्या बैठकीतल्या गालिच्याकडं बघत बसला. दोघंही घरात बसून, दोघंही खोटं बोलत होते. पोटची पोरं आईला एकमेकांच्या अंगणात ढकलत होती. आक्का इथंच राहिली तर काय करायचं?

तो सैपाकघराच्या दारात गेला आणि सगळं सांगून टाकलं. पंख्याचं, कुकरचं, काही राखलं नाही.

द्वारकाबाई वरण घोटत होती. “लेकरं खोटं कशाला बोलतील, पुंजा? मोठ्या शहरात असत्याल मोटारीला पंखे.”

“आक्का, तू लई भोळी हायस.”

“व्हय बाबा. लहानपणापास्नं.” तिनं घोटणी ठेवली. “तुझ्या मोनिकाचं कसं चाललंय? अजून जीपनंच येणंजाणं?”

पुंजारामचा लेक सार्थक आणि नवी सून मोनिका, दोघंही सिडकोपासून जवळच, शेंद्र्याच्या कंपनीत होती. पाचोडहून रोज दोन जीपा बदलायच्या, तिसरीला लोंबकळायचं. पोरगी संध्याकाळी घरी येते ती सुकल्या मेथीच्या जुडीसारखी, असं पुंजाराम कळवळून सांगू लागला. सांगता सांगता मध्येच थांबला. “त्यांचं सोड. आधी तुझं बघू.”

“माझं काय बघायचं? पुण्यात गाडी हलंना, बंगळुरात माणूस हलंना. म्या हितंच बरी. माझी वाहतूक देवघरापास्नं चुलीपतुर.”

“आन् पुन्हा पडलीस म्हंजी? रात्री-बेरात्री कोण हाय तुला? म्या पोरांना चांगलं खडसावतो. पुढच्या महिन्याच्या आत एकानं तरी तुला न्यायलाच पायजे.”

“इतकी घाई?”

“काळजी वाटती, आक्का.”

“वाटंलच. सख्खा भाऊ हायस.” ती काठी टेकत फडताळाकडं गेली. “जेव आधी. तुझ्याच नव्या ताटात वाढते. आठ दिवस झाले, रोज काढून बघते, पोरांनाबी फोनवर दावली, पण वापरायला मन धजंना.”

पुंजारामचे डोळे भरून आले. बहिणीची माया म्हणतात ती हीच. तिनं भाताचा ढीग वाढला, वर वरण, तुपाची धार. तो मांडी घालून बसला. शिवराजला कोणत्या शब्दांत सुनवायचं, ते मनात जुळवत जेवू लागला.

द्वारकाबाई समोर पाटावर बसून बघत होती. “सावकाश खा. बुडापर्यंत खा.”

त्यानं भात एका बाजूला सारला. ताटाच्या मधोमध यंत्रानं कोरलेली टपोरी अक्षरं होती. वरणाचा ओघळ अंगठ्यानं पुसून पुंजारामनं आपल्या बायकोनं घालून घेतलेलं नाव वाचलं: ‘चि. सार्थक व सौ. मोनिका, गृहप्रवेश, सिडको.’