हवा मानवली

तिलेकनं जीपमधून आधी झिपाराची पेटी उतरवली. मग रजया. मग तिचा लोकरी कोट आणि हिवाळी बूट.

झिपारा घोडीचं दूध काढत होती, ती तशीच उठली. "भर जुलैत हे कशाला आणलंस? पंधरा दिवसांत मला खालीच यायचंय ना?"

धाकट्या दिरानं मान वर केली नाही. "आईनं भरून दिलंय, वहिनी. तुला इथली हवा मानवलीय म्हणते."

मानवली होती, त्यात खोटं नव्हतं. एप्रिलमध्ये तिचं बाळ गेलं, अकरा दिवसांचं. तेव्हापासून ती बोलेनाशी झाली. मग सासूनंच तिला नारीन शहराच्या वर, तळ्याकाठच्या कुरणावर, आपल्या बहिणीच्या, कालबुबू मावशीच्या तंबूत धाडलं. 'गवतात लोळ, वाऱ्याशी बोल, जीव हलका होईल.' पहिले कित्येक दिवस ती नुसती बसून असायची. मग एका सकाळी शिंगरू तिची बाही चघळायला लागलं आणि तिला हसू फुटलं. मग झोप लागू लागली. गेल्याच आठवड्यात तिनं नवऱ्याला निरोप धाडला होता : बरी आहे, न्यायला ये.

"तुझा भाऊ का नाही आला?"

तिलेक पेटीची दोरी सोडत राहिला.

"तिलेक, घरात कोण आलंय?"

"ओश शहरातली एक आहे." मग अगदी हळू, "सातवा चाललाय तिला."

झिपारानं मनात महिने मागे मोजले. तेव्हा तिचं बाळ पोटातच होतं.

जीप गेली. कालबुबू मावशी चुलीपाशी कणकेचे बोर्सोक तळत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"मावशी, तुम्हाला ठाऊक होतं."

"तू यायच्या आधीपासून."

"आणि मला वाऱ्याशी बोलायला लावलंत!"

"तेव्हा सांगितलं असतं, तर तू तळ्यात शिरली असतीस." मावशीनं झारा निथळला. "आता नाही शिरणार. आता तुला भूक लागते."

झिपाराला तिला शिव्या घालायच्या होत्या. तेवढ्यात कढईतून खमंग वास आला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. आपल्याच देहाची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.