जोडाक्षरं

“तिचं नाव काढ यादीतून,” महादू म्हणाला. “वाडीत दुसऱ्या बाया हायत.”

नौशीन ओटीच्या पायरीवर उभीच होती. नाते गावाला एसटीतून उतरून अर्धा तास चढ चढून ती आली होती.

“आता बदलता येत नाही, काका. यादी पुढे गेली.”

ती महाडच्या कॉलेजात बी.ए.-बी.एड.च्या चौथ्या वर्षाला होती. तिच्या कॉलेजचा नियम होता की शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एका निरक्षर माणसाला लिहा-वाचायला शिकवायचं. मार्चमध्ये त्या माणसाची परीक्षा. तो नापास झाला तर विद्यार्थ्याच्या वहीवर सही नाही, आणि सहीशिवाय पदवी नाही. पदवी आली तर नौशीन शिक्षिका होणार होती. नाही आली तर मे महिन्यात लग्न, असं तिच्या घरात ठरलं होतं.

महादूची बायको काशीबाई हात पुसत बाहेर आली आणि दाराशी बसली. “मी शिकनार,” एवढंच म्हणाली. महादू उठून गोठ्याकडे गेला.

“सुनीलची पत्रं येतात,” तो गेल्यावर ती म्हणाली. “हे वाचून दावतात. मला माझी वाचता याय पायजेत गो.”

सुनील त्यांचा एकुलता एक मुलगा. बांधावरून मारामारी झाली, त्यात एक माणूस मेला आणि सुनील तुरुंगात गेला. वाडीत त्याचं नाव कोणी घेत नसे. काशीबाई एकदाच भेटीला गेली होती. तुरुंगाच्या दारातच तिला चक्कर आली. त्यानंतर महादू एकटाच जाऊन येई.

आठवड्यातून तीन दिवस नौशीन येऊ लागली. महादू कधी पाटी लाकडांमागे टाकी, तर कधी शिकायच्या वेळीच काशीबाईला शेतावर पाठवी. नौशीनने वहीत लिहिलं, ‘पतीचा तीव्र विरोध.’ प्राध्यापिकेने ते वर्गात वाचून दाखवलं आणि तिची पाठ थोपटली.

एकदा महादूने नौशीनसमोरच पत्र वाचलं. सुनील सुतारकाम शिकतोय, खोकला कमी आहे, आईने गुडघ्याला तेल लावावं. काशीबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. वाचून झाल्यावर महादूने कागदाची घडी खिशात घातली. त्या दिवशी तो जेवायला आत आला नाही.

फेब्रुवारीत काशीबाई बारक्या धड्यातली वाक्यं वाचू लागली. त्याच आठवड्यात महादू नात्याच्या थांब्यावर नौशीनची वाट पाहत उभा राहिला.

त्याने खिशातला कागद तिच्या हातात दिला. वर तुरुंगाचा शिक्का होता. कैदी सुनील महादू याचा आजारपणात मृत्यू झाला असून नातेवाइकांनी प्रेत ताब्यात घ्यावं, असं लिहिलं होतं. तारीख तीन वर्षांपूर्वीची होती.

“तिकडंच अग्नी दिला,” महादू म्हणाला. “घरी आलो. ती इचारते, पोरगा कसा हाय? माज्या तोंडातून बरा हाय असंच आलं.”

“आणि पत्रं?”

“हाच कागद धरतो. तोंडाला येल ते वाचतो.”

नौशीनने कागदावरची तारीख पुन्हा वाचली.

“तिला नापास कर पोरी.”

“त्या नापास झाल्या तर मीही नापास, काका.”

“ठाव हाय मला,” तो म्हणाला, आणि कागद घेऊन चढाला लागला.

त्या आठवड्यात नौशीनने घरी अब्बांना यातलं काही सांगितलं नाही. तिने फक्त जोडाक्षरं शिकवली नाहीत. ती आली नाहीत तर ‘मृत्यू’ वाचता येणार नव्हतं. त्या धड्यावरचे गुण गेले तर काशीबाई पास होणं कठीण होतं. तरी तिने पानं उलटून टाकली.

“ह्ये राह्यलं,” काशीबाईने बोट ठेवलं.

“ते परीक्षेला नाही, मावशी.”

एप्रिलमध्ये निकाल लागला. काशीबाई पास झाली होती. नौशीनने उत्तरपत्रिका मागून पाहिली. जोडाक्षरांच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते.

वहीवर सही झाली. मैत्रिणींनी पेढे मागितले. नौशीन तशीच निघाली आणि थेट वाडीवर गेली.

“जोडाक्षरं कुणी शिकवली?” तिने विचारलं.

“पुस्तकात व्हती की,” काशीबाई म्हणाली. “तू पानं उलटलीस, म्हनून जास्ती बघितली.”

तिने महादूपुढे हात केला. “द्या, पत्र.”

महादूने नौशीनकडे पाहिलं. नौशीनने मान खाली घातली. बराच वेळ तो खिशावर हात ठेवून बसला. मग त्याने कागद काढून दिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

काशीबाईने घडी मांडीवर उलगडली. बोट आधी तारखेखालून, मग अक्षरांखालून सरकू लागलं, ओठ नुसते हलत होते. नौशीन तिच्या मागेच उभी होती. बोट ‘मृत्यू’खाली येऊन थांबलं. काशीबाईने तो शब्द एकदा पुसल्यासारखा अंगठ्याने चोळला.

मग बोट तिथून न हलवता ती मोठ्याने वाचू लागली, “आये, मी बरा हाय. बाबांना सांग, तीन वरसं तुमी लई दमलाव. आता यापुढची पत्रं आयच वाचंल.”