उलटा टोप

शिंग वाजलं तेव्हा ससुलीचा एक बूट पायात होता आणि दुसरा हातात. तिने तो कसाबसा चढवला, लोखंडी टोप डोक्यावर आदळला आणि मैदानात उडी घेतली. मागे फाटक लागलं. आणि भर दुपारी तिच्यापुढे मिट्ट काळोख झाला.

ड्रॅगनने सूर्यच झाकला, असं तिला वाटलं. टोप उलटा बसलाय आणि डोळ्यांसमोरची फट मानेवर गेलीय, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

नियम साधा होता. तटावरच्या घड्याळातली वाळू संपेपर्यंत ड्रॅगनला पाठ दाखवायची नाही. टिकला त्याला योद्ध्याची ढाल, तीनदा पळाला त्याचं नाव शिकाऊंच्या यादीतून खोडलं. वस्ताद तटावरून बघत असायचे, त्यांच्या कानांतून-डोळ्यांतून काही सुटायचं नाही. ससुली आधी दोनदा पळाली होती. ससुली हे नाव काय उगाच पडलं नव्हतं. आज पळाली की परत आत्याच्या भट्टीवर, जन्मभर भाता ओढायला. आत्या वाईट नव्हती. पण ससुलीला योद्धाच व्हायचं होतं, इतकं की कालपासून तिला जेवण गेलं नव्हतं.

समोर गुरगुर झाली. झालं. ती पळायला गर्रकन वळली, पण भीतीच्या भरात अर्धी वळायची ती पूर्ण वळली आणि "आई गं" करत सुटली ती थेट ड्रॅगनच्या अंगावर.

आजवर ड्रॅगनच्या अंगावर असं कुणी धावून गेलं नव्हतं. त्यातून टोपात घुमून त्या किंकाळीची रणगर्जना झाली होती. ड्रॅगनने एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि अक्षरशः शेपूट घालून टेकाडामागे धूम ठोकली.

ससुली दगडाला अडखळून सपशेल आडवी झाली. टोप घरंगळला, तेव्हा कुठे खरा प्रकार तिला कळला. तटावर बाकीची शिकाऊ पोरं नाचत होती. घड्याळात चिमूटभर वाळू उरली होती. तिला खुदुखुदु हसू यायला लागलं, आवरता आवरेना. पळून पळून शेवटी जिंकले की मी.

तेवढ्यात टेकाडामागून हुंदके ऐकू आले.

"आई, ती अंगावर आली गं."

"तिसऱ्यांदा पळालास," एक जाड आवाज म्हणाला. "आता खोडतील तुझं नाव. चल घरी."

पलीकडेही यादी असते, हे ससुलीला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचं हसू थांबलं. म्हणजे त्यालाही कालपासून जेवण गेलं नसणार. तिने घड्याळाकडे पाहिलं. नुसतं गप्प उभं राहिलं तरी ढाल तिचीच होती.

तिने टोप उचलला, नीट सुलट घातला आणि टेकाडावर चढली. त्याची आई पाठमोरी, घरच्या वाटेला लागली होती. ड्रॅगन कसला, पोरगाच होता. रडून रडून नाक लाल झालेलं.

"ए," ती कुजबुजली, "एकदा गुरगुर की."

तो बावरला. मग बारीकसा गुरगुरला.

"मेले मेले, खातोय मला," अशी बोंब ठोकत ससुली वळली. या वेळी बरोबर अर्धी. आणि तटाच्या देखत फाटकाकडे सुसाट सुटली. मागून त्याच्या आईचा आवाज आला, "अरे माझ्या वाघा."

वस्ताद यादी घेऊन फाटकात उभे होते.

"पळालीस ना?"

"हो, वस्ताद."

"टोप कसा होता?"

"सुलट. सगळं दिसत होतं."

वस्तादांनी तिचं नाव खोडलं. मग भिंतीवरची ढाल काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "शिकाऊंच्या यादीत आता तुझं काय काम?"